वडिलांची बंदूक वारशाने आली, तर काय करावे?

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरी, सिन्नर या तालुक्यांतील काही जुन्या शेतकरी घरांमध्ये पिकांच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेली बारा बोअरची दुनाळी बंदूक अजूनही असते. परवाना ज्यांच्या नावावर होता ते वारले की दुःखाच्या दिवसांत तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि दशक्रिया उरकल्यावर जमलेल्या नातलगांपैकी कोणीतरी ती फडताळातून काढून हातात घेते. माझ्या मते सर्वांत धोक्याचा क्षण हाच आहे, कारण ती भरलेली आहे की रिकामी, हे सांगू शकणारा एकमेव माणूस आता घरात नसतो.

म्हणून पहिली पायरी म्हणजे बंदूक आहे तिथेच राहू द्यावी, खोलीला कुलूप लावावे आणि हद्दीतील पोलीस ठाण्याला कळवावे. परवाना व्यक्तीच्या नावाचा असतो, घराचा नसतो; त्यामुळे धारकाच्या मृत्यूनंतर ती बंदूक स्वतःजवळ बाळगणे हा वारसासाठीही गुन्हा ठरू शकतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ नुसार असे शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. ती एस.टी.त किंवा मोटारसायकलवर स्वतः घेऊन जाऊ नये. ठाण्यातून सांगितले जाईल त्या पद्धतीनेच जमा करावी आणि पावती जपून ठेवावी.

दुसरी पायरी कागदपत्रांची. नाशिक शहर आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त, तर ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी परवाना देतात. शस्त्र नियम २०१६ मध्ये कायदेशीर वारसाला परवाना मागण्याची तरतूद आहे. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते, पोलीस पडताळणी होते आणि सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. भावंडांची संमती आधीच लेखी घेतलेली बरी. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. मात्र अर्ज करण्यापूर्वी गरज खरोखर आहे का, हे घरात बसून ठरवावे. केवळ वडिलांची आठवण म्हणून परवाना घेऊ नये. आठवणीसाठी त्यांचा फेटा किंवा घड्याळ पुरते.

बिबट्याच्या भीतीने बंदूक हवी असेल, तर एक गोष्ट स्पष्ट असू द्यावी: वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, बिबट्या आहे, आणि बंदुकीचा परवाना म्हणजे त्याला मारण्याची परवानगी नव्हे. उसात बिबट्या दिसल्यास वनविभागालाच बोलवावे.

परवाना मिळाल्यावरची पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि तीच बहुधा घाईत उरकली जाते. आपल्या हातात नेमके काय आहे, ते आधी समजून घ्यावे. ‘बारा बोअर’ म्हणजे नळीच्या व्यासाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते. म्हणजे आकडा जितका मोठा, तितकी नळी बारीक. हे ठाऊक नसले की अपघात होतो. वीस बोअरचे बारीक काडतूस चुकून बारा बोअरमध्ये घातले, तर ते नळीत पुढे सरकून अडकते; मागे कोठी, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, रिकामी दिसते, माणूस बारा बोअरचे काडतूस भरतो आणि चाप ओढताच नळी फुटते. जुन्या काही बंदुकांच्या कोठ्या अडीच इंची काडतुसांसाठी असतात. त्यांत पावणेतीन इंची काडतूस बसते, पण उडताना दाब धोकादायक वाढतो. म्हणून जुनी बंदूक परवानाधारक कारागिराकडून तपासून घेतल्याशिवाय एकही बार काढू नये.

हाताळताना प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे मानावे, नळीचे तोंड कधीही माणसाकडे येऊ देऊ नये आणि नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे. दुसऱ्याच्या हातून घेताना नळ्या बिजागरीवर खाली वाकवून दोन्ही कोठ्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात, समोरचा कितीही जाणता असला तरी. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबावे, कारण काडतूस उशिराही पेटू शकते. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढण्याचा आग्रह झाल्यास ठाम नकार द्यावा. इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या अशा गोळीबारासाठी २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

घरात बंदूक रिकामी करून एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावीत. किल्ल्या परवानाधारकाजवळच असाव्यात. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसाळी हवेत ती कातडी किंवा कापडी खोळीत ठेवल्यास खोळ ओल धरते आणि लोखंडाला गंज चढतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला ती बाहेर काढून, आधी कोठ्या तपासून, नळ्या आतून पुसाव्यात आणि तेलाचा पातळ हात फिरवून पुन्हा कुलपात ठेवावी.