हायस्कूलच्या शिक्षकांसाठी डिजिटल साधने : सुरुवात कशी करावी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी देणे अपेक्षित आहे. हे तास वर्षअखेरीस घाईघाईने उरकण्याऐवजी आठवड्याला एक तास राखून ठेवावा. दीक्षा या शासकीय मंचावर नोंदणी करून निष्ठा प्रशिक्षणमालेतील आपल्या विषयाचा अभ्यासक्रम आधी निवडावा. प्रमाणपत्र मिळताच ते डाउनलोड करून ठेवावे, कारण नंतर शोधाशोध फार होते. सखोल अभ्यास करावयाचा असल्यास स्वयम् हा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा शासकीय मंच आहेच.

वर्गासाठी मात्र एकाच साधनावर हात बसवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचे फेट (PhET) हे संगणकावर हाताळता येणाऱ्या प्रयोगांच्या प्रतिकृतींचे संकेतस्थळ घ्यावे. त्यातील ओहमच्या नियमाच्या प्रतिकृतीत ४.५ व्होल्ट आणि ५०० ओहम ठेवल्यास विद्युतधारा ९ मिलिअँपिअर दिसते. रोध दुप्पट करण्यापूर्वी थांबावे, मुलांकडून उत्तर वहीत लिहून घ्यावे आणि मगच पट्टी सरकवावी. सूत्रातील अक्षरे डोळ्यांदेखत लहानमोठी होतात, त्यामुळे मागच्या बाकावरचे मूलही मान वर करते.

गोव्यातील सत्तरी किंवा सांगे तालुक्यातील शाळांत पावसाळ्यात नेटवर्कचा भरवसा धरू नये. ही प्रतिकृती घरीच उतरवून पेनड्राइव्हवर आणावी, ती इंटरनेटशिवाय चालते. भूमितीसाठी जिओजेब्रा हे आकृत्या काढण्याचे सॉफ्टवेअरही असेच चालते. वीजच गेली, तर खडू-फळा आहेच.