दुसऱ्या कॉम्प्युटरवर मराठी फाइल बिघडली? आधी नेमकं काय दिसतंय ते बघा

फाइल आली, उघडली आणि मराठीच्या जागी भलतंच काहीतरी. बहुतेक जण मग नेटवर मिळेल तो मराठी फॉन्ट उतरवून घेतात आणि तरी काही होत नाही, कारण पुष्कळदा दुखणं वेगळंच असतं. म्हणून आधी स्क्रीनवर काय दिसतंय ते नीट बघायचं, त्यावरून इलाज ठरतो. आणि हो, ओरिजिनल फाइलची एक कॉपी बाजूला काढून ठेवा, बिघडलेल्या अवस्थेत सेव्ह करून टाकलं तर नंतर काही फाइली परत सुधारत नाहीत.

इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची सरमिसळ

हे दिसलं की समजायचं, मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टात आहे. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, डीव्हीबी-टीटी सुरेख ही सगळी त्यातली मंडळी. ह्या फाइलींच्या आत मराठी नसतंच, आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात आणि फॉन्ट त्या कोडवर मराठी आकार दाखवतो, त्यामुळे फॉन्ट गेला की मराठीही गेलं. वर्डमध्ये त्या मजकुरात कर्सर ठेवा, फॉन्ट तुमच्याकडे नसला तरी वरच्या चौकटीत त्याचं नाव बहुतेक वेळा दिसतं. नुसतं वाचायचं किंवा प्रिंट काढायची असेल तर नेमका त्याच नावाचा फॉन्ट मिळवून टाका आणि विषय संपवा. पुढे त्यावर काम करायचं असेल तर मात्र युनिकोडमध्ये (म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड असलेल्या आजच्या पद्धतीत) कन्व्हर्ट करा, आणि कन्व्हर्टरमध्ये फॉन्टचं नाव बरोबर निवडा, कृतिदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीला चालत नाही.

कन्व्हर्ट झालं की लगेच खूश होऊ नका. जुन्या फॉन्टात जसं दिसतं तसं साठवलेलं असतं, म्हणजे 'किती' मध्ये आधी वेलांटी आणि मग क. युनिकोडमध्ये आधी क आणि मग वेलांटी. रफाराचं बरोबर उलटं, 'सूर्य' मधला रफार जुन्या फॉन्टात य च्या नंतर येतो आणि युनिकोडमध्ये र् आधी येतो. कन्व्हर्टरला ही सगळी अदलाबदल करावी लागते आणि तो घसरतो तो इथेच, म्हणून 'विद्यार्थ्यांनी', 'वर्षांपूर्वी' असले शब्द शोधून शोधून तपासा. मजकुरात मधे खरे इंग्रजी शब्द किंवा ईमेल पत्ते असतील तर ते आधी बाजूला काढा, नाहीतर त्यांचंही मराठी करून ठेवतो आणि ते वाचताना हसावं की रडावं कळत नाही.

रिकामे चौकोन

हे सगळ्यात सोपं. मजकूर शाबूत आहे, फक्त लावलेल्या फॉन्टात ती अक्षरं नाहीत. सगळं सिलेक्ट करून विंडोजवर निर्मला यूआय किंवा मंगल, मॅकवर कोहिनूर देवनागरी, लिनक्सवर लोहित किंवा नोटो सान्स देवनागरी लावा. बाकी सगळं ठीक आणि फक्त 'ॲ' च्या जागी चौकोन असेल तर फॉन्ट जुना आहे, कारण हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. नवा फॉन्ट टाका. अ वर चंद्र चिकटवून वेळ मारून नेऊ नका, काही ठिकाणी मधे टिपक्यांचं वर्तुळ उगवतं आणि सर्चमध्ये तो शब्द सापडत नाही.

à च्या माळा

इंग्रजी ए, त्यावर तिरकी रेघ, शेजारी चलनाचं चिन्ह, आणि हेच पुन्हा पुन्हा. बहुतेक वेळा एक्सेलमध्ये सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) डबल क्लिक करून उघडली की हे होतं. यूटीएफ-८ ही युनिकोड मजकूर फाइलमध्ये साठवायची पद्धत, तिच्यात मराठीचं एकेक अक्षर किंवा मात्रा तीन बाइटची असते आणि एक्सेल त्या तीन बाइट तीन वेगळी अक्षरं समजून वाचतं. फाइल बंद करा, सेव्ह अजिबात नको. कोरी शीट उघडून डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ निवडा. तुम्हीच फाइल पाठवणार असाल तर सेव्ह अ‍ॅज मध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा, म्हणजे समोरच्याला हा उद्योग नको.

जोडाक्षरं सुटलेली, वेलांटी भलतीकडे

इथे बहुधा सॉफ्टवेअर कमी पडतंय. इनडिझाइनमध्ये (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) पॅराग्राफच्या मेनूतून 'अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडा, सगळं जागेवर येतं. एक वेगळी गंमत म्हणजे 'दुसऱ्या' चं 'दुसर्या' होणं. काही कीबोर्ड हा ऱ्य एक न दिसणारं जोडचिन्ह घालून बनवतात आणि कॉपी-पेस्टमध्ये किंवा एखाद्या वेबसाइटवर ते चिन्ह गळून पडतं. ऱ हे अक्षर वापरून टाइप केलं तर ही भानगड राहत नाही.

अक्षरं ठीक, पानं हललेली

फॉन्ट बदलला की ओळींची उंची बदलते आणि मग दहा पानांचं अकरा होतं. इंग्रजी मजकुराला उपाय आहे, लिनक्सवर कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि एरियलच्या जागी लिबरेशन सान्स लावा, अक्षरांची रुंदी सारखीच असल्याने ओळी तिथेच तुटतात. मराठीला असा जोडीदार शोधत बसण्यापेक्षा दोन्हीकडे एकच फॉन्ट टाकावा, नोटो फुकट आहे आणि सगळीकडे चालतो. लिब्रे ऑफिसमध्ये फॉन्टची साइज बदलून मराठीवर काहीच फरक पडत नसेल तर कॅरेक्टरच्या खिडकीत बघा, इंग्रजी आणि देवनागरीचे फॉन्ट तिथे वेगवेगळे ठरवलेले असतात, तुम्ही इंग्रजीचाच बदलत असता.

समोरच्याला नुसतं वाचायचं असेल तर सरळ पीडीएफ पाठवा. पाठवण्याआधी पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट्स टॅबवर प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड', म्हणजे फॉन्ट फाइलमध्येच भरलाय, असं लिहिलंय का बघा. बदल करायचे असतील तर वर्डची डॉक्स फाइलही द्याच, कारण पीडीएफमधून मराठी कॉपी केलं की काना-मात्रा सहसा धड येत नाहीत. वर्डमध्ये ऑप्शन्स, सेव्ह मध्ये जाऊन फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करता येतो, पण फॉन्टच्या लायसन्सने परवानगी दिलेली असेल तरच, आणि फाइल थोडी जड होते.