स्पर्धेच्या महाकाय भोपळ्यासाठी छाटेपासून वेल कसा तयार करावा

इंग्लंडमधल्या इयन आणि स्टुअर्ट पेटन या जुळ्या भावांचा भोपळा २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये काट्यावर चढला तेव्हा त्याचं वजन भरलं १,२७८.८ किलो. त्याआधीचा विक्रम मिनेसोटाच्या ट्रॅव्हिस गिंगर यांचा होता, २०२३ सालचा, १,२४७ किलोंचा. अशा भोपळ्यांचं मूळ वाण 'अटलांटिक जायंट'. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामध्ये हॉवर्ड डिल यांनी वर्षानुवर्षं निवड करून ते घडवलं. आपल्या बाजारातलं डांगर बहुतेक वेळा वेगळ्या प्रजातीचं असतं, त्यामुळे त्याला कितीही खत घातलं तरी ते एवढं वाढत नाही.

स्पर्धेतली मंडळी बियांना वजन आणि उत्पादकाचं आडनाव जोडून ओळखतात: '२७४९ गिंगर' म्हणजे गिंगर यांच्या २,७४९ पौंडांच्या (१,२४७ किलोंच्या) त्या फळातली बी. पण भोपळ्याच्या एका फळातल्या बिया म्हणजे एका घरातली भावंडं. एक दांडगं निघतं, दुसरं बेताचं. ज्या वेलाने हंगामभर जोम दाखवला, नेमका तोच वेल पुन्हा हवा असेल तर बी उपयोगाची नाही, छाट घ्यावी लागते, म्हणजे वेलाचा शेंडा कापून त्यालाच मुळं फुटवावी लागतात. तोच हा क्लोन, मूळ वेलाची हुबेहूब प्रत. माझं मत स्पष्ट आहे: पहिला हंगाम बियांवर काढावा, वेलाचा स्वभाव ओळखावा आणि मगच छाटेच्या मागे लागावं. हिवाळाभर वेल जिवंत ठेवणं हे रोजचं काम आहे.

छाट कुठली घ्यावी

फळ मोठं आहे एवढ्यावर वेल निवडू नका, त्याची पानं पाहा. पानांवर पिवळट-हिरवी नक्षी, फोड किंवा सुरकुत्या असतील तर मोझॅक विषाणूचा संशय घ्यावा आणि तो वेल सोडून द्यावा. बी घेतली तर आईचे बरेचसे रोग मागे राहतात, छाटेबरोबर मात्र ते जसेच्या तसे येतात. या सगळ्या उद्योगात मी सर्वात जास्त भर याच गोष्टीवर देईन. कात्री प्रत्येक कापाआधी स्पिरिटने पुसा. वेल दुसऱ्याचा असेल तर मालकाला विचारूनच छाट घ्या. देशाची हद्द ओलांडून रोप न्यायचं असेल तर वनस्पती तपासणीचे नियम लागू होतात, हेही ध्यानात ठेवा.

थंड देशांत ऑगस्टच्या अखेरीपासून पहिलं हिमतुषार पडेपर्यंतचा काळ चांगला. बाजूच्या फांदीचा कोवळा शेंडा, दोन-तीन पेरांसह, पेराच्या जरा खाली कापा. कळ्या, तणावे आणि मोठी पानं काढून टाका, नाहीतर मुळं नसलेल्या छाटेतलं पाणी पानांवाटेच उडून जातं.

याहून खात्रीचा मार्ग दाब कलमाचा आहे. भोपळ्याच्या पेराला ओल्या मातीचा स्पर्श झाला की आपोआप मुळं फुटतात. म्हणून शेंड्यामागच्या पेराखाली मातीत कुंडी पुरायची, पेर तिच्यात दाबून वर ओलसर मिश्रण घालायचं. साधारण दहा-बारा दिवसांनी वेल हलकेच वर उचलून पाहावा. पेर मातीला धरून राहिलं तर मुळं आली असं समजायचं आणि आईकडची बाजू कापायची. रोप कोमेजत नाही, कारण त्याच्या पायाशी मुळं आधीच असतात.

हिवाळाभर

साधी छाट असेल तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके खनिज दाणे) यांच्या मिश्रणात पेर पुरा, वर पारदर्शक झाकण ठेवा, तापमान २४ ते २७ अंश राखा. मुळं धरली की झाकण थोडं थोडं उघडून रोपाला बाहेरच्या हवेची सवय करा. दिव्याखाली चौदा-सोळा तास उजेड द्या, खत बेताचं ठेवा.

वेल थांबत नाही, महिन्याभरात तो टेबलाखाली उतरतो. तेव्हा शेंड्याची नवी छाट घ्यायची, ती रुजली की जुनं रोप टाकून द्यायचं. असं वसंतापर्यंत चालू ठेवायचं. मावा, लाल कोळी आणि भुरी यांच्यासाठी घरातली उबदार कोंदट हवा फार सोयीची असते, म्हणून पानं रोज उलटून पाहा. एकाच वेलाची दोन रोपं, शक्यतो दोन वेगळ्या खोल्यांत ठेवा. शेतात लावायची शेवटची छाट एप्रिलच्या सुरुवातीला घ्या. प्रत्येक कुंडीला नाव आणि तारखेची चिठ्ठी हवीच.

लागवड आणि वाढ

एका वेलाला साधारण ८० ते ९० चौरस मीटर जागा लागते. माती भुसभुशीत, कंपोस्टने भरलेली, सामू (pH) ६.५ ते ७ च्या दरम्यान. मे महिन्यात रोप बाहेर काढा, पण सुरुवातीला त्यावर प्लास्टिकचा छोटा मांडव ठेवा.

इथे छाटेचं रोप बियाच्या रोपापेक्षा वेगळं वागतं. त्याला सोटमूळ नसतं, म्हणून कुंडीतली एक-दोन पेरंही मातीत गाडा आणि पुढचं प्रत्येक पेर गाडत चला. शेंडा ज्या दिशेला वेल न्यायचा त्याच दिशेला ठेवा. दोन-तीन फुटवे आले तर एकच मुख्य वेल म्हणून राखा. बाजूच्या फांद्या दोन्हीकडे सरळ पसरू द्या, त्यांच्या उपफांद्या खुडा. छाट प्रौढ वेलाची असल्यामुळे मादी कळ्या लवकर दिसतात. त्या मोहाने ठेवू नका. मुख्य वेल तीन-चार मीटर झाल्यावरचीच कळी घ्या.

परागीभवन

आदल्या संध्याकाळी कळीचं टोक पिवळं झालेलं दिसलं की मादी कळी आणि काही नर कळ्या दोऱ्याने बांधा, म्हणजे मधमाशी दुसरा पराग आणणार नाही. सकाळी लवकर नर फुलाच्या पाकळ्या काढून केसर मादी फुलातल्या मधल्या, पराग धरणाऱ्या भागाच्या प्रत्येक खंडावर फिरवा. चार-पाच खंडांचं फूल पसंत करतात. जास्त खंडांचं फळ वेगाने वाढतं, पण तडकण्याची भीतीही वाढते. दोन-तीन फळं धरू द्या, त्यातलं उत्तम एक ठेवा आणि बाकीची काढा.

फळाची निगा

फळ लहान असतानाच देठाजवळचा वेल रोज थोडा थोडा वळवून फळापासून दूर न्या. देठाच्या दोन्ही बाजूंच्या पेरांची मुळं कापून वेल मोकळा करा. फळाचे खांदे वर येतात तेव्हा जखडलेला वेल देठाला ताणतो आणि देठ फाटतो. फळाखाली वाळू, वर सावलीचं कापड. जोमात असलेलं फळ दिवसाला पंधरा-वीस किलोंनी वाढतं, म्हणून पाणी सम प्रमाणात द्या. कोरडं ठेवून एकदम भरपूर पाणी दिलं की तडा जातो.

वजनाचा अंदाज टेपने घेतलेल्या तीन मापांवरून येतो: एक आडवा घेर, दुसरं एका बाजूच्या जमिनीपासून वरून दुसऱ्या बाजूच्या जमिनीपर्यंत, आणि तिसरं तसंच देठाकडून फुलाच्या टोकाकडे. तिन्हींची बेरीज वजनाच्या तयार तक्त्यात पाहायची.

काट्यापर्यंत

बहुतेक मोठ्या स्पर्धा ऑक्टोबरमध्ये होतात. कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथे गिंगर यांना २०२३ मध्ये विक्रमाबद्दल ३०,००० डॉलर मिळाले होते. फळ उचलायला तिवई, साखळीचा कप्पा आणि रुंद पट्टे लागतात, दोर कधीच नको, तो साल कापतो. पंच फळ उचलून खालची बाजूही पाहतात. पोकळीपर्यंत गेलेलं भोक, तडा किंवा मऊ सडलेला भाग सापडला तर फळ बाद होतं. म्हणून घरून निघण्याआधी, पट्ट्यांवर फळ लटकत असतानाच, बॅटरी घेऊन तळ स्वतः नीट तपासून घ्या.