पिचरवर स्टेरॉइडचा संशय घेताना या चुका टाळा

मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतल्या अव्वल साखळीत एखादा पिचर (फलंदाजाला चेंडू फेकणारा खेळाडू) भन्नाट खेळू लागला की कुजबुज सुरू होते, "हा नक्की काहीतरी घेतोय." चाचणी, कागदपत्र किंवा शपथेवरची साक्ष यांपैकी काहीच हाताशी नसेल तर कुणाच्याही नावाला स्टेरॉइड (ताकद वाढवणारं, बंदी असलेलं औषध) चिकटवू नये, असं मला ठामपणे वाटतं. त्यात एका माणसाची आयुष्यभराची मेहनत पणाला लागते.

एकदम सुधारला, म्हणजे घेतलंच असणार

सर्वाधिक होणारी चूक हीच. पिचर जेक अरिएटाचं उदाहरण घ्या. बाल्टिमोर संघाकडून खेळताना तो नऊ डावांमागे सरासरी 5.46 धावा द्यायचा. जुलै 2013 मध्ये तो शिकागो कब्ज या संघाकडे गेला. 2015 मध्ये ही सरासरी 1.77 वर आली आणि त्याला साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार मिळाला. एप्रिल 2016 मध्ये त्याने कारकिर्दीतला दुसरा नो-हिटर (प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट न देता जिंकलेला सामना) टाकला, तेव्हा टीव्हीवरही उघड शंका घेतली गेली. त्याने आरोप साफ नाकारला. तो कधीही चाचणीत दोषी आढळला नाही.

मग बदललं काय? अरिएटाचं पाऊल तिसऱ्या बेसच्या, म्हणजे त्याच्या उजव्या बाजूला पडतं आणि हात अंगावरून तिरका येतो. बाल्टिमोरच्या प्रशिक्षकांनी ही ढब सरळ करायचा प्रयत्न केला. कब्जने ती तशीच राहू दिली. आता वॉकचे, म्हणजे चार चेंडू भरकटल्यामुळे फलंदाजाला फुकट मिळणाऱ्या पहिल्या बेसचे, आकडे बघा. 2010 मध्ये त्याने सुमारे 100 डावांत 48 वॉक दिले होते. 2015 मध्येही 48च दिले, पण 229 डावांत. एवढी अचूकता कुठून आली, याचं उत्तर स्नायूंच्या ताकदीत शोधण्याआधी चेंडूफेकीच्या तंत्रात शोधायला हवं.

वेग वाढला, पण मोजला कुठे?

2017 पासून वेगाचे अधिकृत आकडे स्टॅटकास्ट या मोजणी यंत्रणेचे असतात. त्यात चेंडू हातातून सुटतानाचा वेग धरला जातो. आधीची पिचएफएक्स यंत्रणा चेंडू थोडा पुढे गेल्यावरचा वेग दाखवायची, आणि हवेच्या विरोधामुळे तोवर वेग घटलेला असतो. त्यामुळे 2016 आणि 2017 चे आकडे शेजारी मांडून "ताशी मैलभर वाढला" म्हणणं चूकच. त्याहून जुन्या रडारगनशी तर तुलनाच नको.

चेंडूच्या फिरकीचा वेग अचानक वाढला असेल तर बोटांना लावलेला चिकट पदार्थ हेही कारण असू शकतं. जून 2021 पासून पंच हात, टोपी, ग्लोव्ह तपासू लागले ते त्यासाठीच. तो नियमभंग आहे, पण त्याचा स्टेरॉइडशी काही संबंध नाही.

अंगकाठीवरून निवाडा

2005 मध्ये उत्तेजकांविरुद्धच्या नव्या नियमांखाली पहिली बंदी आली ती अॅलेक्स सँचेझवर. तो क्वचित होमरन मारणारा, चपळ आउटफिल्डर (मैदानाच्या दूरच्या भागातला क्षेत्ररक्षक) होता. 2012 मध्ये टेस्टोस्टेरॉनसाठी 50 सामने बाहेर बसला तो 39 वर्षांचा, चांगलं पोट सुटलेला पिचर बार्तोलो कोलोन. दोघेही दंड फुगलेल्या पहिलवानाच्या साच्यातले नव्हेत.

एकाच यादीतली नावं सारखी मानणं

डिसेंबर 2007 च्या मिचेल अहवालात, म्हणजे मेजर लीगमधल्या उत्तेजकांच्या चौकशीच्या अहवालात, रॉजर क्लेमेन्स आणि अँडी पेटिट या दोन पिचरांची नावं ट्रेनर ब्रायन मॅकनामीच्या जबानीवरून आली. पेटिटने ग्रोथ हार्मोन (वाढीचं संप्रेरक, हेही बंदी असलेलं द्रव्य) घेतल्याचं कबूल केलं. क्लेमेन्सने सगळं नाकारलं. अमेरिकी काँग्रेससमोर खोटं बोलल्याच्या खटल्यात 2012 मध्ये तो सर्व आरोपांतून सुटला. खटला खोटं बोलण्याचा होता, हे त्याच्या चाहत्यांनी आणि विरोधकांनी, दोघांनीही लक्षात ठेवावं.

उलट्या दिशेची चूकही होते: "चाचणीत कधी सापडला नाही, म्हणजे स्वच्छ." मेजर लीगमध्ये हंगाम चालू असताना ग्रोथ हार्मोनसाठी रक्तचाचणी 2013 पासून सुरू झाली. त्याआधीच्या हंगामांतल्या लघवीच्या चाचण्या या एका द्रव्याबद्दल कुणालाच दोषी ठरवत नाहीत, आणि निर्दोषही नाही.