घरी शिकवताय? मग जुनी फुकट पुस्तकं अशी वापरा

पोराला घरीच शिकवायचं ठरवलं की व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी ना कुणी पीडीएफचा ढीग पाठवतंच, आणि त्यात बरीचशी कालपरवाची पुस्तकं कुणीतरी गुपचूप स्कॅन केलेली. ती नकोत. आपल्याला पाहिजेत कॉपीराइट संपलेली, म्हणजे छापा, झेरॉक्स काढा, शेजारणीला द्या, कुणी काही म्हणत नाही.

हिशेब सोपाय. लेखक ज्या वर्षी वारला त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. साने गुरुजी १९५० ला गेले, म्हणून २०११ पासून मोकळे. चिं. वि. जोशी १९६३ ला, ते २०२४ पासून. अनुवाद असेल तर अनुवादकाचं साल वेगळं बघायचं आणि चित्रं असतील तर चित्रकाराचं पण. विनी द पू घ्या ना, लिहिणारे मिल्न १९५६ ला गेले म्हणून मजकूर मोकळा, पण चित्रं काढणारे शेपर्ड १९७६ ला गेले, म्हणजे आपल्याकडं ती चित्रं २०३६ संपेपर्यंत थांबणार. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर (जुन्या पुस्तकांची फुकट वेबसाइट) दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका, ते अमेरिकेचा कायदा बघतात.

मराठीसाठी आधी विकिस्रोत उघडा, तिथं बरंचसं टाइप केलेलं असतं त्यामुळे अक्षर हवं तेवढं मोठं करून प्रिंट मारता येते. इंटरनेट आर्काइव्हवर माल जास्त, पण कुणीही काहीही चढवतं, साल बघूनच घ्या.

आता खरी गोची. जुन्या छपाईत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘तेथें’ असे अनुस्वार सगळीकडं, कारण आताचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे. पोरगं तेच बघून वहीत उतरवतं. म्हणून माझ्या मते आठ-नऊ वर्षांपर्यंत ही पुस्तकं हातात द्यायचीच नाहीत, आपण मोठ्यानं वाचायची, पोरांनी ऐकायची. प्रकरण लांब असेल तर मध्येच थांबा आणि काय झालं ते त्यांच्या शब्दांत सांगायला लावा, मध्ये टोकू नका. आपल्या सोलापूरच्या पूर्वभागात घरात तेलुगू बोलणारी पोरं असतात, त्यांना खुशाल तेलुगूत सांगू द्या, गोष्ट कळली की मराठी मागनं येतंच. मोठ्या पोरांना मात्र जुन्या पानावर पेन्सिल द्या, जास्तीचे अनुस्वार शोधून खोडायला सांगा, व्याकरणाचा तास त्यातच होऊन जातो की.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे १८८४ चं सोलापूर जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला विसावा खंड. नेटवर ‘Sholapur’ असं स्पेलिंग टाकून शोधा. पिकं, पाऊस, दुष्काळ, व्यापार सगळं आहे, पंढरपूर, बार्शी, करमाळ्याची वेगळी माहिती पण. इंग्रजी रुक्ष आहे, सरकारीच की ओ, त्यामुळं आपण वाचून मराठीत सांगायचं. पण विणकरांबद्दलचं वाचून झालं की पोराला ओळखीतल्या एखाद्या मागावर न्या आणि यातलं आता काय उरलंय ते तिथल्या कामगाराला विचारायला लावा, एवढा भारी इतिहास कुठल्या गाइडात नाही. फक्त जातींबद्दलचा मजकूर आधी स्वतः वाचा, इंग्रज साहेबांनी काही समाजांबद्दल काहीही लिहून ठेवलंय, ते पोरांपुढं तसंच वाचू नका.

इंग्रजी कानावर पडायला लिब्रिवॉक्सची ऑडिओ पुस्तकं आहेत, वाचणारे बहुतेक परदेशी, आपल्या पोरांना वेग झेपत नाही, स्पीड पाऊणवर ठेवा.

गणित-विज्ञानाला जुनी पुस्तकं अजिबात नकोत, त्यासाठी बालभारतीच्या पीडीएफ. त्या कॉपीराइटमुक्त नाहीत, पण डाउनलोड फुकट. पुढं एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) दहावी द्यायची असेल (किमान १४ वर्षं पूर्ण लागतात) तर त्यांचाच अभ्यासक्रम धरा.

आणि अख्खं पुस्तक एकदम प्रिंटला देऊ नका. एका कागदावर दोन पानं, एका वेळी दोन-तीन प्रकरणं. पोराला आवडलं तर पुढचं.