एनव्हिवो, मॅक्सक्यूडीएमध्ये फाईल इम्पोर्ट होत नाहीये? आधी फाईल तपासा

फाईल आत जात नाही म्हटलं की लोक लगेच सॉफ्टवेअर काढून परत टाकत बसतात, पण मुलाखती, सर्व्हेतली उत्तरं असा मजकूर विषयवार तपासायची सॉफ्टवेअर, म्हणजे एनव्हिवो असो, मॅक्सक्यूडीए असो नाहीतर अ‍ॅटलस टीआय, बऱ्याचदा घोळ फाईलमध्येच असतो. दोन ओळींची साधी वर्ड फाईल बनवून ती इम्पोर्ट करा, ती गेली तर सॉफ्टवेअर ठीक आहे.

मग बघा, फाईल वर्डमध्ये उघडी तर नाही ना, पासवर्ड आहे का, आणि वनड्राईव्हवर असेल तर कॉम्प्युटरवर खरंच उतरलीये का, की नुसतं नाव दिसतंय. फोल्डरात फोल्डर आणि वर लांबलचक नाव असेल तरी अडतं, विंडोजमध्ये पूर्ण पाथला साधारण २६० अक्षरांची मर्यादा असते. छोटं नाव देऊन डेस्कटॉपवर घ्या.

वर्डची जुनी डॉक फाईल डॉकएक्स करून सेव्ह करा, ट्रॅक चेंजेस अ‍ॅक्सेप्ट करून टाका. तरी नाही गेली तर सगळा मजकूर फॉरमॅटिंगशिवाय नव्या फाईलमध्ये पेस्ट करा, फक्त यात हेडिंग स्टाईल्स उडतात, त्यावरून ऑटोकोडिंग (मजकुराच्या तुकड्यांना विषयाची लेबलं, म्हणजे कोड, सॉफ्टवेअरकडून आपोआप लावून घेणं) करणार असाल तर परत लावाव्या लागतील.

खरा ताप पीडीएफचा. ती आत जाते आणि मग कळतं की एक शब्द सिलेक्ट होत नाहीये, म्हणजे तो स्कॅन आहे, नुसता फोटो, आधी ओसीआर करा, म्हणजे फोटोतल्या अक्षरांचा खरा मजकूर बनवून घ्या. मराठी पीडीएफ असेल तर एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका, काना-मात्रा इकडेतिकडे झाल्या असतील तर सर्च चालणारच नाही, सरळ मूळ वर्ड फाईल मागवा. ट्रान्सक्रिप्ट कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं असेल तर युनिकोडमध्ये कन्व्हर्ट केल्याशिवाय पुढे जाऊच नका, आणि कन्व्हर्ट झाल्यावर वाचून घ्या, जोडाक्षरं हमखास बिघडतात.

सर्व्हेच्या सीएसव्हीत मराठीऐवजी प्रश्नचिन्हं दिसली तर एक्सेलची मूळ फाईल उघडून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून परत सेव्ह करा.

हे सगळं कोडिंगच्या आधी. नंतर फाईल बदलून नवी टाकली तर जुन्या फाईलवरचे कोड आपोआप तिच्यावर येत नाहीत, रडायची वेळ येते.

एवढं करूनही एखादी फाईल अडलीच तर तिचे दोन तुकडे करा, जो जात नाही त्याचे परत दोन, शेवटी एखादं मोडकं टेबल नाहीतर चिकटवलेलं चित्र सापडतं, ते उडवा आणि बाकीचं इम्पोर्ट करा.