खाऱ्या पाण्याची मोठी टाकी: ऑर्डर देण्याआधीची तयारी

नाशिकमध्ये घरी समुद्री टाकी ठेवायची ठरली की माणूस आधी मासे बघायला जातो, मग टाकी बनवायला टाकतो आणि पाणी, वीज, जमीन यांचं नंतर बघू म्हणतो. क्रम नेमका उलटा हवा. काच सर्वात शेवटी सांगायची, मासे त्याच्याही नंतर.

पहिली जमीन. चार बाय दोन बाय दोन फुटांची टाकी काठोकाठ साडेचारशे लिटरची होते. पाणी, १२ मिमी काच, खडक, वाळू, स्टँड आणि खालचा सम्प (गाळणीची छोटी टाकी) धरून साडेसहाशे ते साडेसातशे किलो वजन जेमतेम आठ चौरस फुटांवर येतं. राहत्या खोलीची स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबाने धरलेली असते. म्हणून टाकी खोलीच्या मधोमध नको; खाली बीम असलेल्या भिंतीलगत, शक्यतो कॉलमजवळ, म्हणजे भार बीम घेईल. जुना वाडा किंवा वरचा मजला असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्टँड चौकोनी पाइपचा, इपॉक्सी रंगाचा. लेव्हल पाण्याच्या नळीने बघा. दोन फूट रुंदीत तीन मिमीचा फरक असला तरी सिलिकॉनच्या एका सांध्यावर ताण येतो.

दुसरं पाणी, आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, बोअरचं पाणी जड, क्षारांचं. दोन्ही थेट चालत नाहीत. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शून्य हवा. स्वयंपाकघरातला आरओ वापरायचा असेल तर त्यात टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज आहे का पाहा. ते कच्चं पाणी किंवा क्षार पुन्हा मिसळतात. पाणी मेम्ब्रेनच्या (आरओच्या गाळणीच्या) लगेच पुढून काढा आणि त्यावर उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची नळी बसवा. घरगुती यंत्र तासाला दहा-पंधरा लिटर देतं, म्हणजे रोज आठ-नऊ तास चालवलं तर पहिली भरणी चार-पाच दिवस चालेल आणि हजारभर लिटर पाणी वाया जाईल. ते पिंपात धरून फरशीला, संडासाला वापरा. पाणीकपात असेल त्या आठवड्यात भरणीला हात घालू नका.

शंभर लिटरचे दोन फूडग्रेड ड्रम लागतील: एक शुद्ध पाण्याचा, एक मीठ कालवायचा. लिटरला साधारण ३६ ग्रॅम रीफ सॉल्ट (समुद्री टाकीचं मीठ), म्हणजे पहिल्यांदा सोळा किलो. नंतर दर पंधरा दिवसांनी दहा टक्के पाणी बदलताना साधारण १.६ किलो. मीठ पाण्यात टाकायचं, पाणी मिठावर ओतायचं नाही; नाहीतर कॅल्शियमचा पांढरा गाळ तळाशी बसतो आणि पुन्हा विरघळत नाही. पंप लावून २४ तास फिरवा, मग रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या मीटरवर) ३५ पीपीटी, म्हणजे हजारात ३५ भाग मीठ, किंवा घनता १.०२५-१.०२६ आली की घ्या. मीटर ३५ पीपीटीच्या द्रावणावरच लावून घ्या. मापायला देवघरातला तांब्या कधीही नको: तांबं कोळंबी-शंखांना मारतं. पितळी निपल, पितळी कॉक यांनाही तोच नियम.

तिसरी वीज. टाकीला स्वतंत्र १५ अँपिअरचा पॉइंट, अर्थिंग तपासलेलं आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच). प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ घेऊन वर जाऊ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोळातूनच टपकेल. वळवाच्या पावसात वीज गेली की आधी ऑक्सिजन संपतो, तापमान नंतर बदलतं. म्हणून इन्व्हर्टरवर निदान एक वेव्हमेकर (पाणी ढवळणारा पंप) हवाच. स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर साधा एसी पंप घरघरतो आणि तापतो. साइन वेव्ह घ्या किंवा २४ व्होल्टचा डीसी पंप बॅटरीवर. चिलर, म्हणजे पाणी गार करायचं यंत्र, इन्व्हर्टरवर टाकू नका. वीज गेल्यावर वरच्या टाकीतून किती पाणी खाली येतं ते पहिल्याच दिवशी मुद्दाम पंप बंद करून बघा. सम्पात तेवढी जागा मोकळी नसेल तर पाणी हॉलभर होतं.

तापमान २५-२६ अंश. नाशिकला एप्रिल-मेमध्ये दुपार चाळिशी ओलांडते आणि जानेवारीच्या रात्री दहाच्या खाली जातात, म्हणून हीटर आणि गारवा दोन्ही लागतात. तीनशे वॉटचा एक हीटर नको, दीडशेचे दोन घ्या: एक अडकून चालूच राहिला तरी टाकी उकळणार नाही. गारव्याला आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पंखे मुंबईपेक्षा चांगलं काम करतात, तीन-चार अंश सहज उतरवतात. पण त्यात रोज सहा-सात लिटर पाणी उडतं, मीठ मागे राहतं. ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) नसेल आणि घर तीन दिवस लग्नाला गेलं तर ३५ चं साडेछत्तीस होतं. टॉप-ऑफमध्ये फक्त शुद्ध पाणी. वरच्या मजल्यावर राहत असाल तर पाव ते एक-तृतीयांश एचपीचा, टायटॅनियम कॉइलचा चिलर घ्या आणि तो स्टँडच्या कपाटात कोंडू नका; स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो.

हे सगळं जमलं की टाकी सांगा. सांध्यांचा सिलिकॉन बुरशीनाशक नसलेला हवा आणि टाकी सात दिवस सुकलेली. पाणी वर चढवणारा रिटर्न पंप सम्पापासून पाच फूट वर तासाला अडीच ते तीन हजार लिटर देईल असा बघा. डब्यावर छापलेला आकडा शून्य उंचीचा असतो. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) टाकीच्या दुप्पट क्षमतेचा.

वाळू ॲरागोनाइटची, म्हणजे चुनखडीची. गोदावरीची वाळू फुकट मिळाली तरी नको: ती बेसाल्टची, तिच्यातले काळे लोहकण काच घासायच्या चुंबकाला चिकटतात आणि पहिल्याच घासण्यात काचेवर लांब ओरखडा उमटतो. खडक तीस-चाळीस किलो, कोरडा किंवा सिरॅमिकचा. समुद्रातून उपटलेले कठीण प्रवाळ आणि समुद्री घोडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका.

मग माशांच्या घाणीचं विष पचवणारे जिवाणू रुजावेत म्हणून अमोनिया २ पीपीएमपर्यंत (लिटरला २ मिलिग्रॅम) नेऊन दिवे बंद ठेवा आणि थांबा. चार ते सहा आठवडे. तेवढाच अमोनिया पुन्हा घालून २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की सायकल, म्हणजे जिवाणू रुजणं, पूर्ण; मोठं पाणी बदला आणि गोगलगायी आणा. थंडीत पाणी विशीच्या खाली गेलं तर जिवाणू रेंगाळतात, हीटर चालू ठेवा. सुरुवातीला दिवाळीनंतरचा काळ चांगला: पंख्यांची आणि चिलरची खरी परीक्षा मार्चमध्ये होईल, तोवर टाकी मुरलेली असेल.

तोवर साठ-सत्तर लिटरची क्वारंटाइन टाकी (नवे मासे वेगळे ठेवायची) तयार ठेवा. मासे बहुधा मुंबईहून कसाऱ्याच्या घाटातून चार-पाच तास पिशवीत येतात. पिशवी थर्मोकोलच्या पेटीत, दारावर आल्यावर पंधरा मिनिटं तरंगवा, अर्धा तास थेंब-थेंब पाणी द्या, पिशवीतलं पाणी मात्र टाकीत ओतू नका. टाकीत पैदास केलेले क्लाउनफिश आधी, चार आठवडे वेगळे. पांढरे ठिपके दिसले तर तांब्याचं औषध फक्त क्वारंटाइनमध्येच. मोठ्या टाकीत रोग शिरला तर ७६ दिवस तिथे एकही मासा ठेवता येत नाही.